दहा वर्षं टिकणारी पिशवी

ओढ्यातला गाळ तपासायची कल्पना माझीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा हात किती होता हे कोणाला शोधत बसायला नको.

माझं नाव शरयू देवस्थळी, वय सदुसष्ट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यावर अविनाश आणि मी साताऱ्याला ‘निसर्गछाया’ सोसायटीत राहायला आलो. आल्या आल्या मी तिथल्या बायकांना कामाला लावलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, गच्चीवर खताचे डबे, दर पंधरवड्याला उंबरओढ्याच्या काठानं फेरी. ‘उंबरओढा बचाव समिती’ची अध्यक्ष अर्थातच मी. प्लास्टिकच्या पिशवीतून कोणी माझ्याकडे काही आणलं तर मी त्याला दारातून पिशवीसकट परत पाठवत असे. लोक मला जरा टरकून असत आणि ते मला आवडायचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू हे माझं खास मैदान. बायका वाण म्हणून डबे, गाळणी, मोबाईलचे स्टँड असं काय काय लुटतात आणि ते सगळं घरोघरच्या माळ्यावर जाऊन पडतं. मी ठरवलं, लुटायचंच तर पर्यावरणाला धरून लुटायचं. सहा वर्षं मी कापडी पिशव्या वाटल्या. साध्या सुती नव्हेत, त्या दोन पावसाळ्यांत विरतात. मी कारखान्यातून खास करून घेतल्या. सुतात चिवट धागा मिसळलेला, आतून पातळ अस्तर, दुहेरी शिवण. बाहेर हिरव्या अक्षरांत ‘ओढा वाचवा’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘दहा वर्षं टिकेल’. हळदीकुंकवाला दिल्या, शाळांच्या कार्यक्रमांना दिल्या, वृक्षारोपणाला दिल्या. सहा वर्षांत मिळून अडीच हजार झाल्या असतील. प्रत्येकीच्या घरी दारामागच्या खिळ्याला आधीच दहा-पंधरा पिशव्या लटकत होत्या, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण नवीन पिशवी दिली की फोटो निघतो आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं.

गेल्या ऑगस्टमध्ये दोन तासांत महिन्याचा पाऊस पडला. मोठ्या रस्त्याखालून ओढा जातो ती मोरी तुंबली आणि पाणी मागे उलटलं. आमच्या तळमजल्यावर गाड्या बुडाल्या. ओढ्याच्या काठाला बासष्ट घरांची वस्ती आहे, तिथे छातीएवढं पाणी शिरलं. माणसं वाचली, संसार गेले. सोसायटीच्या बैठकीत मात्र बोलणं झालं ते गाड्यांबद्दल. वस्तीतले लोक कचरा ओढ्यात टाकतात म्हणून मोरी तुंबते, वस्ती तिथून हलवली पाहिजे, असा अर्ज लिहिला गेला. भाषा मीच सुधारून दिली. पहिली सही माझी.

त्या वस्तीत मालन खिल्लारे राहायची. अकरा वर्षं ती माझ्याकडे धुणंभांडी करत होती. तिचा नवरा तुकाराम सोसायटीच्या फाटकाशी इस्त्रीची गाडी लावायचा. सही करताना मला मालनची आठवण झाली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवण झाली. मी मनाशी म्हटलं, बरं होईल, बाईला पक्कं घर मिळेल. ते पक्कं घर गावापासून अठरा किलोमीटरवर होतं. तिथून तिला आमच्याकडे कामाला येता येणार नव्हतं, तुकारामची गाडी बंद होणार होती, आणि हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

अर्जावर सुनावणी लागली आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं की कचरा वस्तीचाच आहे याला पुरावा काय. मी हात वर केला. पुरावा कसा काढायचा हे माझ्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण खूणकण बनवणाऱ्या गटात मी सात वर्षं काम केलं होतं.

खूणकण ही गोष्ट आता सगळ्यांच्या घरात आहे, पण फार थोड्यांनी तिचा विचार केला असेल. डीएनए म्हटलं की लोकांना रक्त आणि गुन्हेगार आठवतात. मुळात ती चार अक्षरांची लिपी आहे. प्रयोगशाळेत त्या लिपीत हवा तो मजकूर लिहिता येतो. आम्ही काही अक्षरांचा एक छोटा क्रमांक लिहायचो आणि तो धागा काचेच्या कणात बंद करायचो. असे शेकडो कण शेजारी शेजारी ठेवले तर एका केसाची जाडी भरते. ऊन, पाणी, साबण, आम्ल, काही म्हणजे काही त्या काचेतून आत जात नाही. हे कण सुतात, प्लास्टिकमध्ये, रंगात मिसळले की वस्तूला जन्मखूण मिळाली. फाटली, चिंध्या झाल्या, गाळात कुजली तरी खूण राहते. कण फोडून आतल्या धाग्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या आणि क्रमांक वाचायचा, एवढंच काम.

वस्तूंवर ही खूण सक्तीची करणारा कायदा येऊन सात वर्षं झाली. प्रत्येक गठ्ठ्याला वेगळी खूण, आणि विक्रीच्या वेळी दुकानातलं यंत्र ती खूण घेणाऱ्याच्या फोनशी जोडतं. सुट्या वस्तूंच्या बाबतीत खूण एखाद्या गल्लीपर्यंत नेऊन पोचवते. कोणी अख्खा गठ्ठाच विकत घेतला असेल तर मात्र थेट नाव येतं. हा शेवटचा बारकावा मी सुनावणीत मोठ्या उत्साहानं समजावून सांगितला होता.

तपासणीचं काम अन्वर मुजावरकडे दिलं. तो माझा जुना विद्यार्थी, आता इथल्याच महाविद्यालयात शिकवतो. आम्ही दोघं गमबूट घालून मोरीपाशी उतरलो आणि चाळीस ठिकाणचा गाळ बरण्यांत भरला. मालननं वरून पाहिलं असावं, कारण थोड्या वेळानं ती किटलीत चहा घेऊन खाली आली. हे कशासाठी, असं तिनं विचारलं. ओढा कोणाच्या कचऱ्यानं तुंबला ते यातून कळेल, असं मी सांगितलं. ती गाळाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली की बरंच होईल, एकदा काय ते कळू दे. तिचा चहा पिताना मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण मी दोन कप प्यायले.

दोन आठवड्यांनी अन्वर घरी आला. एरवी तो आल्या आल्या अविनाशशी क्रिकेटवर बोलत बसतो. त्या दिवशी त्यानं पाणीही घेतलं नाही. कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, मॅडम, तुम्हीच वाचा.

वस्तीतली खरेदी गाळात होती. तेलाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याचे कागद. एकूण गाळाचा तो दहावा भागही नव्हता. सोसायटीतल्या सुट्या खरेदीचा वाटा त्याच्या दुप्पट निघाला, उश्या, गाद्यांचे फोम, मुलांची खेळणी, थर्माकोलचे डबे. पण मोरी तुंबवली होती ती वेगळ्याच वस्तूनं. चाळीसपैकी एकतीस बरण्यांत एकाच प्रकारचं चिवट कापड होतं. सहा गठ्ठे, सहा खुणा. सहाही खुणांपुढे एकच नाव.

कागद उलटा करून मी पुन्हा सुलटा केला. नाव तेच राहिलं. आयुष्यात इतकी लाज मला वाटली नव्हती, आणि तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आणखी कोणी हे पाहिलं आहे का.

पिशव्या तिथे गेल्या कशा, हे मला हवं होतं. खरं सांगायचं तर मला सुटका हवी होती. दुसऱ्या दिवशी मी मालनच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिनं घाईघाईनं कॉटवरची चादर झटकली आणि मला बसवलं. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ तशीच होती. मी पिशव्यांचा विषय काढला, तर तिचा चेहरा उजळला. तिनं मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. ओढ्याच्या काठावर माती भरलेल्या पिशव्यांची एक ओळ उरली होती, चिखलानं माखलेली. हिरवी अक्षरं अजून वाचता येत होती.

“काठ ढासळत हुता काकू,” ती म्हणाली. “दरसाल हातभर जागा ओढा खायचा. आमी समद्या बायकांनी मिळून ह्या पिशव्या रचल्या. लई हुत्या ना आमच्याकडं. संक्रात झाली की परत्येक घरातनं पिशवी मिळायची. ने गं, उपेगाला येईल म्हणून. सहा घरं माझी, तेवढीच दुसरीची. घरात ठिवायला जागा न्हाई, आन तुमीच सांगितलेलं, पिशवी टाकायची न्हाई, कशाला तरी वापरायची. मंग माती भरली.”

बांध चांगला झाला होता. दर संक्रांतीच्या नव्या पिशव्या वर चढत गेल्या आणि दोन पावसाळे त्यानं काठ धरला. ऑगस्टच्या लोंढ्यात तो वाहून गेला आणि मातीनं भरलेल्या पिशव्या जाऊन मोरीत एकावर एक बसल्या. पूर अडवायला जी वाळूची पोती रचतात तीच ती, फक्त चुकीच्या जागी. साध्या सुताच्या असत्या तर पहिल्या तासात फाटून मोकळ्या झाल्या असत्या. माझ्या पिशव्या फाटल्या नाहीत.

मालननं मला सगळं मोकळेपणानं सांगितलं, कारण मी तिची काकू होते. आणि मी परत येताना रस्त्यात वाक्य जुळवत होते. पिशव्या कोणी घेतल्या हा एक प्रश्न. ओढ्याकाठी कोणी ठेवल्या हा दुसरा. अर्जातला प्रश्न दुसरा होता.

अन्वरनं अहवाल लिहिला. त्यात माझ्या नावाचा तक्ता पहिल्या पानावर होता. मी त्याला सांगितलं की सुनावणीत मांडणी मी करेन आणि तक्ता परिशिष्टात घाल. तो म्हणाला, निष्कर्ष पहिल्या पानावर हवा असं आम्हाला तुम्हीच शिकवलंत. मी त्याला म्हटलं की मला तुझ्याकडून शिकायचं नाही. त्यानं मान खाली घातली आणि तक्ता सदतिसाव्या पानावर गेला. त्यानंतर त्यानं मला फोन केलेला नाही.

सुनावणीला सोसायटीतली वीसेक माणसं होती आणि वस्तीतली जवळपास सगळी. मालन दुसऱ्या रांगेत बसली होती. ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली होती. मी उभी राहिले आणि माझं आयुष्यभराचं कौशल्य वापरलं. मोरी तुंबली ती मातीनं भरलेल्या पिशव्यांमुळे, असं मी म्हटलं. या पिशव्या वस्तीतल्या रहिवाशांनी ओढ्याच्या पात्रालगत रचल्या होत्या, असंही म्हटलं. कागदपत्रं सोबत जोडली आहेत, असं म्हणून मी खाली बसले. यातला एक शब्द खोटा नव्हता.

अधिकाऱ्यांनी वस्तीतल्या लोकांकडे पाहून विचारलं की हे खरं आहे का. मग मालन उभी राहिली.

“व्हय साहेब. आमीच रचल्या,” ती म्हणाली.

कुठून आणल्या, हे कोणी विचारलं नाही. मालननं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार की पुढचं काकू सांगतील. मी हातातले कागद चाळत होते, आणि ते कोरे होते.

मी गप्प का बसले याला मोठं कारण नाही. लोक हसतील म्हणून. ज्या बाईनं साऱ्या गावाला पिशव्यांवरून बोल लावले तिच्याच पिशव्यांनी ओढा तुंबवला, हे वर्तमानपत्रात आलं असतं. बासष्ट घरं एकीकडे आणि माझं हसं दुसरीकडे, आणि मला दुसरं जड वाटलं. त्या रात्री जेवताना अविनाश वरणात भात कालवत म्हणाला, “सदतिसावं पान मी वाचलं.” आम्ही त्रेचाळीस वर्षं एकत्र आहोत, त्यानं पुढे बोलायची गरज नव्हती.

हुकूम निघाला. डिसेंबरमध्ये वस्ती हलली. शेवटच्या दिवशी मालन आमच्या घराची किल्ली परत द्यायला आली, नवी बाई बघून ठेवा म्हणाली. मी कपाटातून चार साड्या काढल्या, दोन तर न नेसलेल्या. अकरा वर्षांत मी दिलेली वस्तू तिनं कधी नाकारली नव्हती, जुना मिक्सर, फुटक्या कानाचे कप, काहीही. या वेळी ती म्हणाली, “नको काकू. जागा न्हाई.” तिला खरंच जागा नसेल. पण दार लावल्यावर मी त्या साड्यांकडे बघत उभी राहिले आणि मला पहिल्यांदा वाटलं की इतकी वर्षं मी तिला देत नव्हते, माझ्या घरातून काढून तिच्या घरात ठेवत होते. आमच्या अडगळीला ओढ्यापर्यंत जायला जो रस्ता लागायचा तो तिच्या घरातून जायचा, आणि घाण कोणाची म्हणून विचारलं की बोट शेवटच्या घराकडे. खूणकण आम्ही बनवले ते हे बोट उलटं फिरवायला. ते मीच पुन्हा धरून तिच्याकडे वळवलं.

जानेवारीत मी हळदीकुंकू केलं नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं. संक्रांतीनंतर आठेक दिवसांनी मालनचा फोन आला. आवाज नेहमीचाच. शुक्रवारी दुपारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे, तुम्ही यायचं, म्हणाली. मी हो म्हटलं आणि दोन दिवस ते हो परत कसं घ्यायचं याचा विचार केला. मग दोन बस बदलून गेले. हातात काही नेलं नाही. काय न्यावं हे सुचलं नाही.

माळावर एकसारख्या चार इमारती होत्या. झाड नाही, दुकान नाही. मालनची खोली तिसऱ्या मजल्यावर. तिनं सतरंजी अंथरली होती, ताटात हळदीकुंकवाची वाटी, तिळगूळ, आणि वाण म्हणून साबणाच्या वड्या, पाचपाचच्या थप्प्या लावून ठेवलेल्या. एकही थप्पी मोडलेली नव्हती. चार वाजून गेले होते आणि सतरंजीवर सुरकुती नव्हती. तुकाराम बाहेरच्या गॅलरीत कठड्याला टेकून बसला होता. इस्त्रीची गाडी त्यानं भंगारात दिली होती.

बाकीच्या कुठे आहेत, मी विचारलं. मालननं साबणाची एक थप्पी सरळ केली. मग तिनं सांगितलं की कोणी येणार नाही. तिच्याशी कोणी बोलतच नाही. सुनावणीत ती उभी राहिली आणि हो म्हणाली म्हणून वस्ती गेली, असं सगळ्या म्हणतात. नळावर गेली तर बायका कळशी उचलून बाजूला होतात. तिलाही तसंच वाटतं. बांधाची कल्पना तिचीच होती.

“काकू, एक इचारू का,” ती म्हणाली. “त्या मशिनीत माझं नाव आलं हुतं ना?”

इतके दिवस ती हे मनात धरून बसली होती. तिला वाटत होतं यंत्रानं तिचं नाव सांगितलं आणि मी ते सगळ्यांसमोर घेतलं नाही, तिची लाज राखली. म्हणून तर तिनं मला बोलावलं होतं. जमिनीत गडप व्हावं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या सतरंजीवर कळलं.

“नाही,” मी म्हटलं. “तुझं नाव नव्हतं. माझं होतं. सहाही वेळा माझंच.”

मग मी सगळं सांगितलं. तक्ता, सदतिसावं पान, कोरे कागद. ती हळदीच्या वाटीकडे बघत ऐकत होती. गॅलरीतून तुकारामही आत आला आणि भिंतीशी उभा राहिला. मालन रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“एवढंच तितं सांगायचं हुतं, काकू,” ती म्हणाली.

मी म्हटलं की अधिकाऱ्यांना पत्र लिहीन, वर्तमानपत्रात देईन, अन्वरला तक्ता पुन्हा पहिल्या पानावर घालायला सांगेन. तिनं मान हलवली. ते करा, म्हणाली, पण घरं पाडून झाली, तिथं आता तुमचा फिरायचा रस्ता होतोय. मग तिनं ताट उचललं, मला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, साबणाची एक वडी हातात ठेवली. तिच्या बोटांत जराही राग नव्हता, किंवा मला तो ओळखता आला नाही. वडी घेऊन मी उठले आणि तिला विचारलं की बोलावणं अजून करता येईल का. हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघरी जाऊन करायचं असतं, फोनवर नाही. आणि ते यजमानिणीनं किंवा तिच्या घरच्या बाईनं करायचं असतं. मी तिच्या घरची कोण, हे तिनं विचारलं नाही. कुंकवाची कोयरी तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली की बासष्ट घरं आहेत, तिचं धरून.

जिना उतरायचीही गरज नव्हती. पहिलं दार समोरचंच. एका चाळिशीच्या बाईनं उघडलं, तिला मी सुनावणीत पाहिलं होतं. मला ओळखल्यावर ती दारातच हात बांधून उभी राहिली. मी तिला कुंकू पुढे केलं आणि म्हटलं, मालनकडे हळदीकुंकू आहे, या. आणि ज्या पिशव्यांनी मोरी तुंबली त्या माझ्या होत्या, यंत्रानं माझं नाव दिलं होतं, मालननं फक्त खरं तेवढं सांगितलं.

तिनं कुंकू लावून घेतलं नाही. कोयरीकडे पाहिलं, मग मागे दारात उभ्या असलेल्या मालनकडे, मग माझ्याकडे.

“ह्ये तवा का न्हाई बोलला?” तिनं विचारलं.

“लाज वाटली.”

“आन आता न्हाई वाटत?”

“वाटते,” मी म्हटलं आणि शेजारच्या दाराकडे वळले. अजून साठ दारं होती.